आईसाठी वापरायला सोपा म्युझिक प्लेअर: कुठला घ्यावा?

जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी,

आईसाठी गाणी ऐकायचं एखादं लहान, बरोबर नेता येईल असं यंत्र घ्यायचं आहे. दुकानांत आणि ऑनलाइन इतके प्रकार दिसतात की डोकं चालेना, म्हणून इथे विचारते.

आई ७६ वर्षांची. शुगरमुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज येऊन गेली. आता माणसं ओळखू येतात, पण मोबाइलवरची अक्षरं वाचता येत नाहीत. उजव्या हाताची बोटं संधिवातानं आखडलेली. कान मात्र तल्लख आहेत. सकाळी हरिपाठ, दुपारी नाट्यगीतं, संध्याकाळी दिवा लावला की वचनं (शरण संतांची कन्नड पदं), असा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. माहेर इंडी तालुक्यातलं, त्यामुळे बसवण्णा आणि अक्कमहादेवींची कन्नड वचनं तोंडपाठ. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर त्यात सिद्धरामेश्वरांच्या वचनांची भर पडली. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही वचनातली त्यांची नाममुद्रा कानावर आली की हातातलं काम ठेवून हात जोडते.

पूर्वी टेपरेकॉर्डर होता. तो बंद पडला आणि कॅसेटी कपाटात गेल्या. मोबाइल देऊन पाहिला. टच स्क्रीनवर तिचं बोट एकीकडे आणि उघडतं भलतंच. मध्येच जाहिरात मोठ्यानं सुरू होते, कुणाचा तरी फोन येतो, आणि तिला वाटतं आपल्याच हातून काही बिघडलं. मग ती फोन बाजूला ठेवते आणि आमच्यापैकी कुणी घरी येईपर्यंत तशीच बसून राहते. मला ते बघवत नाही.

हवं ते, हवं तेव्हा, कुणाला हाक न मारता तिला स्वतःला लावता आलं पाहिजे. खरी अट ही एकच. बजेट चार-पाच हजार. इंटरनेट नको. पुण्याला भावाकडे जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पिशवीत मावेल एवढं असावं. कुणी घरच्या मोठ्यांसाठी असं काही घेतलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

भुईकोट

ताई, सरळ कारवाँ घ्या. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्हीवाली ग्रामोफोन कंपनी. तिनं २०१७ मध्ये हे बाजारात आणलं. हिंदी कारवाँत ५००० गाणी आधीच भरलेली असतात, त्यात अमीन सयानींची गीतमालाही आहे. मराठी आवृत्ती वेगळी मिळते. समोर मोठी गोल खुंटी, ती फिरवली की कलाकार बदलतो. दिसायला जुन्या रेडिओसारखा असल्यामुळे वयस्कर माणसं त्याला बिचकत नाहीत. शिवाय एफएम आहे, पेनड्राइव्ह लागतो, ब्लूटूथ आहे, इअरफोनची पिन आहे. माझ्या सासऱ्यांना दिला, त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः लावला.

किंमत तुमच्या बजेटच्या थोडी वर जाईल, सणासुदीला कमी होते.

साखरपेठ

ताई, लै खर्च करू नका. कीपॅडवाला फोन घ्या की! आमच्याकडं मागावर काम करणारे निम्मे लोक हेच वापरायलेत. मेमरी कार्ड टाकायचं, गाणी भरायची, झालं. बटणं खरीखुरी असतात, दाबल्यावर बोटाला कळतं. आणि ५ नंबरच्या बटणावर एक बारका उंचवटा असतो, तो चाचपला की बाकीची बटणं न बघता सापडतात. आमच्या आजोबांना डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, ते त्या उंचवट्यावरनंच सगळं करायचे.

टॉर्च आहे, रेडिओ आहे, बॅटरी दोन-दोन दिवस जाते. पडला तरी काही होत नाही. सिम टाकायलाच पाहिजे असंही नाही.

जुळेसोलापूर

भुईकोट, साखरपेठ, मनापासून आभार.

कारवाँ मीही पाहिला होता. अडचण एवढीच की आईची निम्मी गाणी त्यात मिळणार नाहीत. नाट्यगीतं मिळतील, पण वचनं आणि तिच्या ओळखीच्या आवाजातला हरिपाठ नाही. आत भरलेल्या गाण्यांत भर घालता येते का?

कीपॅड फोनबद्दल: मेनू, मग म्युझिक, मग ऑल साँग्ज, मग यादी, इतक्या पायऱ्या तिला जमतील का?

भुईकोट

आतली गाणी बदलता येत नाहीत, वाढवताही येत नाहीत. आपली गाणी पेनड्राइव्हवर घालून मागे लावायची, बटणानं यूएसबी निवडायचं.

खर्ज

धागा वाचून राहवलं नाही, जरा मोठं लिहितो.

आधी बाजारात काय उरलंय ते सांगतो. नुसती गाणी ऐकायची लहान यंत्रं हा प्रकारच आता आटत चालला आहे. आयपॉड २००१ मध्ये आला आणि मे २०२२ मध्ये ॲपलनं शेवटचं मॉडेल बंद केल्याचं जाहीर केलं. तुमच्या आईंसारख्यांना चालला असता असा आयपॉड शफल (पडदाच नाही, एक गोल बटण आणि खिशाला लावायची चिमटी) २०१७ मध्येच बंद झाला. जुना कुणी विकत देत असेल तरी घेऊ नका. आतली बॅटरी बदलणं जिकिरीचं असतं आणि गाणी भरायला आयट्यून्स हे ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं, नुसती कॉपी-पेस्ट चालत नाही.

सँडिस्कचे क्लिप जातीचे प्लेअर हलके आणि स्वस्त. क्लिप जॅमला ३२ जीबीपर्यंतचं कार्ड लागतं, बॅटरी पुष्कळ चालते. पण पडदा जेमतेम इंचभराचा आणि स्पीकर नाही, इअरफोन घालावाच लागतो. सोनी वॉकमनची आजची मॉडेल्स आवाजाला उत्तम, पण ती बहुतेक अँड्रॉइडवर चालतात. म्हणजे पुन्हा टच स्क्रीन, आणि किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी वर. फियो, हायबी वगैरे कंपन्यांची यंत्रं आमच्यासारख्या कानवेड्यांसाठी. आईंच्या कामाची नाहीत.

आता माझं खरं म्हणणं. आपण सगळे यंत्र कुठलं यावर बोलतोय, पण सोपेपणाचा निम्मा भाग कार्ड किंवा पेनड्राइव्ह आपण घरी कसा भरतो यात असतो. चांगलं यंत्र आणि गाण्यांचा गोंधळ, तर रोज हाक मारावीच लागेल.

स्वस्त यंत्रं गाणी नावाच्या क्रमानं वाजवतीलच असं नाही. बरीचशी ज्या क्रमानं फाइली कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. हरिपाठाचे अभंग पाठ असलेल्या माणसाला दुसऱ्यानंतर थेट नववा लागला तर ऐकवणार नाही. म्हणून फाइलींना ०१, ०२, ०३ असे आकडे इंग्रजीत द्या (नुसतं १, २ दिलं तर १ नंतर १० येतो), पेनड्राइव्ह कोरा करा आणि एकेक फोल्डर क्रमानं चढवा. नावं रोमनमध्ये ठेवा. देवनागरी नावांच्या जागी बऱ्याच यंत्रांवर चौकोन उमटतात. आईंना वाचायचं नाहीच, पण तुम्हाला शोधताना उपयोग होईल.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट करा. ६४ जीबीच्या पुढचे बहुधा एक्सएफएटी या दुसऱ्या पद्धतीत येतात, स्वस्त यंत्रांना ते ओळखता येत नाहीत आणि दुकानदार म्हणतो पेनड्राइव्ह खराब आहे. जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसच्या (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि फाइल मोठी) एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, ३२० ला साधारण अडीच. म्हणजे ८ जीबीतही १२८ च्या हिशेबानं शंभर तासांच्या वर ऐकता येईल.

आणि तासातासाच्या सलग फाइली ठेवू नका. पुष्कळ यंत्रं बंद करून चालू केल्यावर कुठलं गाणं होतं ते लक्षात ठेवतात, पण त्या गाण्यात कुठे होतो ते विसरतात. तासाभराची फाइल पन्नासाव्या मिनिटाला बंद केली तर पुन्हा पहिल्यापासून. पाच-सात मिनिटांचे तुकडे केले की हा त्रास संपतो.

कंबरतलाव

मी स्वतः दृष्टिहीन आहे, मोबाइलवर स्क्रीनरीडरनं (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लिहितोय. माझा अनुभव कामी यावा म्हणून सांगतो.

दृष्टिहीनांसाठी खास बनवलेले प्लेअर असतात. कॅनडाच्या ह्यूमनवेअर कंपनीचा व्हिक्टर रीडर स्ट्रीम हा त्यातला नावाजलेला. सगळी बटणं उठावदार, प्रत्येक बटण दाबलं की बोलून सांगतो, कितीही लांब पुस्तक असो, जिथे थांबलो तिथूनच सुरू. पण तो तुमच्या बजेटच्या फार पलीकडे आहे. आईंना पुढे कधी बोलकी पुस्तकं ऐकावीशी वाटली तर सुगम्य पुस्तकालय ही सरकारी ऑनलाइन सोय २०१६ पासून आहे, वाचता न येणाऱ्या व्यक्तींना तिथे नोंदणी करता येते. मराठी पुस्तकंही आहेत.

साध्या यंत्रांतून निवडायचं तर डोळे मिटून निवडा. शब्दशः. दुकानात यंत्र हातात घ्या, डोळे बंद करा आणि बोटांनी सांगा, चालू करायचं बटण कुठलं, पुढचं गाणं कुठलं, आवाज कुठला. सगळी बटणं एकाच आकाराची, एका ओळीत आणि गुळगुळीत असतील तर परत ठेवा. आवाजाला गोल फिरवायची खुंटी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ती कुठे आहे हे बोटाला कळतं आणि बंद करून चालू केलं तरी तिथेच राहते.

फार थोड्या लोकांच्या लक्षात येणारी एक गोष्ट. बऱ्याच स्वस्त स्पीकरमध्ये पुढचं गाणं आणि आवाज वाढवणं एकाच बटणावर असतं. पटकन दाबलं तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. काहींत नेमकं उलटं. संधिवात असलेल्या बोटाला पटकन सोडणं आणि धरून ठेवणं यातला फरक सांभाळता येत नाही. माझ्या मावशीला असाच एक दिला होता, नाव घेत नाही. ती आवाज वाढवायला जायची आणि गाणं पळायचं. शेवटी तिनं ऐकणंच सोडलं. ही गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

बटणं ओळखायला टिकली लावा. मखमली, जरा जाड असलेली. चालू-बंदच्या बटणावर एक मोठी गोल, पुढच्या गाण्यावर लहान. घामानं निघाली तर दुसरी लावायची, घरात पाकीट असतंच. कायमचं हवं असेल तर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून त्यावर दुसरा.

जुळेसोलापूर

कंबरतलाव, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. टिकलीचं ऐकून ती म्हणाली, "हे कुणीतरी माझं ओळखून लिहिलंय." तुमचे खूप खूप आभार.

कडकभाकरी

+१ कंबरतलाव. एकच बटण दोन कामाला, हा प्रकार बंदच व्हायला हवा.

ताई, ऑनलाइन मागवू नका, नव्या पेठेत जा. मोबाइल आणि ॲक्सेसरीजच्या दुकानांत पेनड्राइव्ह आणि कार्ड लागणारे लहान स्पीकर-रेडिओ ढिगानं असतात. भजन प्लेअर, एफएम बॉक्स, यूएसबी स्पीकर अशी त्यांची नावं, साधारण सातशे ते दोन हजारांत. पण जाताना आपला भरलेला पेनड्राइव्ह घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा. दुकानदार पाच मिनिटं थांबतो, नाही थांबला तर दुसरं दुकान शेजारीच आहे.

लावून काय बघायचं? तिसरं-चौथं गाणं चालू असताना बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा चालू करा. तेच गाणं लागलं का? आवाज आधी होता तेवढाच आहे का? काही स्पीकर चालू होताना बाईच्या आवाजात "ब्लूटूथ मोड" असं इंग्रजीत ओरडतात, तेही पूर्ण आवाजात. पहाटे हरिपाठाला ते नको. आणि पेनड्राइव्ह लावलेला असताना चालू केल्यावर तो थेट गाणं सुरू करतो, की आधी ब्लूटूथवर जातो आणि मग बटण दाबून यूएसबीवर आणावं लागतं? थेट सुरू करणाराच घ्या.

बॅटरीचं झाकण उघडून बघा. पुष्कळ एफएम बॉक्समध्ये बीएल-५सी बॅटरी असते, नोकिया ११०० मध्ये असायची तीच. ती कुठल्याही पेठेत मिळते, बदलायला मिनिट लागत नाही. एक चार्ज करून ठेवली की लाइट गेली तरी अडत नाही. आत कायमची बसवलेली बॅटरी असेल तर दोन-तीन वर्षांनी यंत्रच टाकावं लागतं.

चार्जिंगची पिन टाइप-सी मिळाली तर फार बरं, ती उलटसुलट कशीही जाते. जुन्या मायक्रो यूएसबीत उलटी घुसवली की पोर्ट मोडतो, आणि आईंना बाजू दिसणार नाही.

साखरपेठ

कडकभाकरी बरोबर म्हणतायत, पण मी फोनचं परत सांगतो. मेनूतनं जायला लागत नाही ताई. बऱ्याच कीपॅड फोनमध्ये एका बटणाला शॉर्टकट लावून देता येतो, दाबलं की थेट म्युझिक. नोकिया ५३१० चा २०२० मध्ये नवा अवतार आलाय, त्याला तर गाण्याची बटणं बाजूलाच दिलीत आणि स्पीकर पुढच्या अंगाला हाय. कार्ड ३२ जीबीचं चालतं.

रेडिओचं मात्र विचारून घ्या. काही फोनना एफएमसाठी इअरफोनची वायर लावावीच लागते, तीच एरियल. आमच्या आजोबांना आकाशवाणी सोलापूर लागायचंच, नाही लागलं तर जेवायचे नाहीत.

भुईकोट

सगळ्यांचं पटतंय, तरी एक सांगतो. चारशे गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि पुढचं गाणं-मागचं गाणं एवढी दोनच बटणं, यात आईंना दुपारी नाट्यगीत लावायचं झालं तर त्या हरिपाठातून तिथपर्यंत जाणार कशा? शंभर वेळा बटण दाबून? कारवाँत खुंटी फिरवून निदान विभाग तरी बदलता येतो. निवड करता आली नाही तर ते सोपं यंत्र नव्हे.

खर्ज

भुईकोट यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. काही यंत्रांत फोल्डर बदलायचं वेगळं बटण असतं, पण स्वस्तात ते क्वचितच.

मला यावर एक मार्ग सुचतो. एकच मोठा पेनड्राइव्ह नको, चार लहान घ्या, ८ किंवा १६ जीबीचे. एकात फक्त हरिपाठ आणि अभंग, दुसऱ्यात नाट्यगीतं, तिसऱ्यात वचनं, चौथ्यात बाकीचं काय असेल ते. काढायचा आणि दुसरा लावायचा. कॅसेट बदलणं आईंनी आयुष्यभर केलंय, नवीन काही शिकायचं नाही. यंत्रानं काही लक्षात ठेवलं नाही तरी बिघडत नाही, कारण निवड हातात आहे, पडद्यावर नाही.

कार्डपेक्षा पेनड्राइव्हच घ्या. मायक्रो एसडी कार्ड नखाएवढं, आखडलेल्या बोटांतून निसटतं आणि खाली पडलं की सापडत नाही. पेनड्राइव्ह वेगवेगळ्या आकाराचे निवडा: एक लांब, एक आखूड, एक धातूचा, एक रबरी. शिवाय प्रत्येकाला वेगळी खूण. एकाला जाड लोकरीचा धागा, एकाला मणी, एकाला काहीच नाही.

कंबरतलाव

खर्ज, उत्तम! मी पूर्ण सहमत. एकच भर घालतो. यूएसबी एकाच बाजूनं जातो, म्हणून प्रत्येक पेनड्राइव्हच्या वरच्या अंगाला टिकली लावा आणि यंत्रावर खाचेच्या वरही एक. टिकलीवर टिकली आली की सरळ. जोर लावायला लागतच नाही. खाच यंत्राच्या मागे नसून बाजूला किंवा वर असेल असंच यंत्र बघा.

जुळेसोलापूर

हे वाचून मी अक्षरशः उठून कपाट उघडलं. आईच्या कॅसेटी अजून आहेत. तिच्या वडिलांच्या गावातल्या भजनी मंडळानं गायलेली वचनं त्यातल्या एकीवर आहेत, ती दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. पेनड्राइव्हवर घ्यायच्या तर कशा? शेजाऱ्यांकडे चालू टेप आहे आणि माझ्याकडे लॅपटॉप.

खर्ज

घरीच होईल, आणि लवकर करा. टेप जुनी झाली की चिकटते, त्यावर बुरशी धरते.

आधी शेजाऱ्यांच्या टेपचं हेड साफ करा. औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कापसाच्या काडीवर घेऊन हेड आणि रबरी चाक हलक्या हातानं पुसा, वाळू द्या. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले पदर सुटतात. कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची चिमुकली पानं मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही. वडिलांच्या गावची कॅसेट असेल तर हे पहिल्यांदा करा.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर. बहुतेक लॅपटॉपचं भोक माइकसाठी असतं, ते एकाच बाजूचा आवाज घेतं आणि फाटतो तो वेगळाच. लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज घ्यायचं भोक) असलेलं, लॅपटॉपच्या यूएसबीला लागणारं साउंड कार्ड घ्या. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. टेपचा आवाज मध्यम ठेवा, ऑडॅसिटीतला पट्टा लाल होणार नाही एवढाच. सी-६० ची एक बाजू अर्धा तास, सी-९० ची पाऊण तास, तेवढा वेळ लॅपटॉपवर दुसरं काही करू नका. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइल म्हणून जपा, मिनिटाला १० एमबीच्या आसपास जागा खाईल. मग तिचे तुकडे करून एमपी३ करा आणि पेनड्राइव्हवर घाला. घरघर काढायचं साधन ऑडॅसिटीत आहे, पण फार वापरू नका. टाळ आणि श्वास दोन्ही त्यात जातात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

वेव्ह फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक भावाकडे पुण्याला.

होटगीरोड

उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. लिथियमची बॅटरी तापली की फुगते. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत उन्हात, बंद गाडीत यंत्र ठेवू नका, आणि गादीवर ठेवून चार्ज करू नका. बीएल-५सीचं झाकण वर उचललेलं दिसलं तर ती बॅटरी लगेच काढा.

जुळेसोलापूर

मंडळी, घेतला. कळवायला उशीर झाला कारण कॅसेटींच्या मागे लागले होते.

कंबरतलाव यांनी सांगितलं तसं आईलाच नव्या पेठेत नेलं आणि तिच्याच हातात एकेक देत गेले. काउंटरवर सहा-सात यंत्रं मांडली होती. तिनं निवडलं ते माझ्या मनातही नव्हतं. एक जाडजूड एफएम बॉक्स, आवाजाला बाजूला दातेरी चक्र, पेनड्राइव्हची खाच वर, चार बटणं, चारही वेगवेगळ्या अंतरावर. बीएल-५सी बॅटरी, दोन जादा घेतल्या. पेनड्राइव्ह आणि यूएसबी साउंड कार्ड धरूनही बजेटच्या खूप आत बसलं. चार्जिंगला टाइप-सी नाही मिळाली, पण बॅटरी बाहेर काढून चार्ज करायचं लहान चार्जर वेगळं मिळतं, तेच वापरतो. त्यामुळे आईला वायर लावावीच लागत नाही.

पेनड्राइव्ह चार. धागा बांधलेला हरिपाठाचा, मण्याचा वचनांचा, धातूचा नाट्यगीतांचा. चौथा तिनं रिकामा ठेवायला सांगितलाय, नातवंडांचे आवाज भरून हवेत म्हणते.

कालपासून ती स्वतः बदलते. टिकलीला टिकली भिडवून खाच शोधते, चक्र फिरवते. मी स्वयंपाकघरात होते आणि आतून अक्कमहादेवींचं वचन सुरू झालं. मी लावलेलं नव्हतं.

साखरपेठ, प्रवासासाठी फोनही घेणार आहे, ते यंत्र हुतात्मामध्ये लोकांना ऐकू जाईल. भुईकोट, निवडीचं तुम्ही अडवून धरलंत म्हणून पेनड्राइव्हची कल्पना निघाली, तुमचे विशेष आभार.

आता दोन शंका उरल्या. कॅसेटवरची वचनं हळू आणि विकत घेतलेली नाट्यगीतं एकदम मोठ्यानं लागतात, दर वेळी चक्र फिरवावं लागतं. आणि आमचा स्वतःचा टेप दुरुस्त होईल का? मोटर फिरते पण कॅसेट फिरत नाही.

खर्ज

पहिल्या शंकेसाठी एमपी३गेन नावाचं सॉफ्टवेअर. सगळ्या फाइली त्यात टाका, ८९ डेसिबल हे ठरलेलं माप तसंच ठेवा आणि ट्रॅक गेन लावा. सगळ्यांचा आवाज एका पातळीला येतो, गाण्याचा दर्जा घसरत नाही. त्यानंतर पेनड्राइव्ह कोरा करून पुन्हा क्रमानं चढवा, नाहीतर हरिपाठाचा क्रम बदलू शकतो.

साखरपेठ

मोटर फिरते आणि कॅसेट फिरत नाही म्हणजे बेल्ट गेलाय, दुसरं बहुधा काही नाही. टेप उघडून जुना बेल्ट काढा, सपाट धरून लांबी मोजा आणि तो बेल्टच बरोबर घेऊन सुटे पार्ट विकणाऱ्याकडं जा. जुना ताणून सैल झालेला असतोय, म्हणून नवा त्याच्यापेक्षा किंचित लहान मागा. चौकोनी हाय का चपटा ते बघून घ्या, तसाच पाहिजे. बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला असेल तर चाकं आधी त्याच अल्कोहोलनं पुसा, नाहीतर नवा बेल्ट घसरतोय.